मदत हवी आहे: अ‍ॅनिमेशनमध्ये गिअर उलटे फिरताना दिसतात, आकडे मात्र बरोबर आहेत

रेघोटी

नमस्कार मंडळी,

मी कॉम्प्युटर-एडेड ड्राफ्टिंग आणि टेक्निकल अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्राला एकच मोठा प्रकल्प आहे. एका टप्प्याच्या स्पर (सरळ दात्यांच्या) गिअरबॉक्सची पूर्ण ड्रॉइंग्ज काढायची आणि त्याच मॉडेलवरून ३० सेकंदांचं अ‍ॅनिमेशन करायचं. पिनियनला, म्हणजे लहान गिअरला, २० दाते, मोठ्या गिअरला ६०, मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) २ मिमी. म्हणजे दोन शाफ्टमधलं अंतर ८० मिमी. ड्रॉइंगचा भाग नीट पार पडला.

परवा वर्गात अ‍ॅनिमेशन दाखवलं. पिनियन घड्याळाच्या दिशेने ६० आरपीएमने (मिनिटाला ६० फेऱ्या) फिरतो, मोठा गिअर उलट दिशेने २० ने. दहा सेकंदही झाले नसतील, सरांनी थांबवलं आणि म्हणाले, दिशा चुकली आहे. मी तिथेच फाईल उघडून कीफ्रेम (कोणत्या क्षणी भाग किती फिरलेला असेल त्या नोंदी) दाखवल्या. एका सेकंदात पिनियन ३६० अंश, मोठा १२० अंश, चिन्हंही बरोबर. पण पडद्याकडे पाहिलं तर दाते खरंच उलटे सरकत होते. त्याच वेळी पिनियनची चावीची खाच (शाफ्टला अडकवणाऱ्या चावीसाठी भोकात कापलेली) सरळ फिरत होती! गुण गेले त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे की मला काहीच उत्तर देता आलं नाही.

बाकीच्या अडचणीही सांगून टाकते:

मॉडेल ब्लेंडरमध्ये (अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) एसटीएल फाईल करून आणलं. आल्या आल्या ते अवाढव्य दिसलं आणि मागचा भाग कापल्यासारखा गायब. लहान करून घेतलं, पण गिअर फिरवला की तो स्वतःभोवती न फिरता कुठल्या तरी लांबच्या बिंदूभोवती घिरट्या घालायचा. ओरिजिन (ज्याभोवती वस्तू फिरते तो बिंदू) मध्यावर आणला तरी पिनियन किंचित डुगडुगतो.

फाईल इतकी जड आहे की एका फ्रेमला दोन मिनिटं लागतात. १६ बोल्ट आहेत, सगळ्यांचे आटे मी खरे काढले आहेत.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सादर करायची परवानगी मिळाली आहे. आणि एक सरळ प्रश्न: ड्राफ्टिंगचे शिक्षक म्हणतात मापात राहा, अ‍ॅनिमेशनचे म्हणतात बघणाऱ्याला काय कळतंय ते पाहा. मी नेमकं कोणाचं ऐकू?

उभा छेद

फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) किती ठेवला आहेस?

रेघोटी

२४.

उभा छेद

मग तुझे आकडे बरोबर आहेत आणि सरांना दिसलं तेही बरोबर आहे. कागद घे आणि हे मांडून बघ.

पिनियनला २० दाते, म्हणजे एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंत १८ अंश. ६० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३६० अंश, २४ ने भागलं की फ्रेममागे १५ अंश. प्रत्येक फ्रेममध्ये दाता १५ अंश पुढे जातो. पण सगळे दाते सारखेच! पुढच्या फ्रेममध्ये डोळा तोच दाता शोधत नाही, सगळ्यात जवळचा शोधतो. आणि जवळचा दाता सापडतो ३ अंश मागे. म्हणून डोळ्याला वाटतं की गिअर फ्रेममागे ३ अंश उलटा गेला.

मोठ्या गिअरचंही तसंच. दात्यांमधलं अंतर ६ अंश, फ्रेममागे सरकतो ५, दिसतो १ अंश मागे. दोन्ही एकमेकांत अडकलेले असल्यामुळे दोघांची फसगत एकाच प्रमाणात होते, म्हणून जोडी बघायला अगदी सुरळीत वाटते. चावीची खाच मात्र एकच आहे, तिच्यासारखी दुसरी नाही, म्हणून ती खरी दिशा दाखवते. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तोच प्रकार.

७२ आरपीएमला तर पिनियन फ्रेममागे बरोब्बर १८ अंश फिरेल आणि दाते जागच्या जागी थांबलेले दिसतील. ३६ च्या खाली आलीस की दिशा बरोबर दिसायला लागते, पण काठावर राहू नकोस. मी १२ ठेवेन. फ्रेममागे ३ अंश, म्हणजे दात्यांमधल्या अंतराचा सहावा भाग. दाता दात्यावर कसा सरकतो तेही दिसेल.

रेघोटी

हे वाचून आत्ता फ्रेम एक-एक करून पुढे नेली. अगदी असंच आहे! पण वेग १२ केला तर ड्रॉइंगमध्ये दिलेल्या वेगाशी जुळणार नाही. चालेल का? ६० फ्रेम प्रति सेकंद केलं तर?

फ्रेमवारी

६० फ्रेमला पिनियन फ्रेममागे ६ अंश जाईल, दिशा बरोबर दिसेल. पण तुझ्या ७२० फ्रेमच्या १८०० होतील. आत्ताच दोन मिनिटांच्या हिशोबाने पूर्ण २४ तास लागतात, मग ६० लागतील. आठवड्याच्या मुदतीत ते परवडत नाही. मोशन ब्लरही (हलत्या भागाला दिलेला धूसरपणा) सुचवतील कोणी, पण त्याने नुसता धुरळा दिसेल, दिशा कळणार नाही.

वेग कमी कर आणि कोपऱ्यात स्पष्ट लिही: "दाखवण्यासाठी वेग कमी केला आहे, प्रत्यक्ष वेग ६० आरपीएम." ड्रॉइंगमध्ये आपण स्केल लिहितो तसंच हे. १:२ लिहिलेलं असलं की अर्ध्या मापाच्या रेघेला कोणी खोटं म्हणत नाही. आणि दोन्ही गिअरचा एक-एक दाता नारिंगी रंगव. पिनियनचा रंगीत दाता तीन फेऱ्या मारतो तेव्हा मोठ्याचा एक मारतो, गुणोत्तर न बोलता कळतं.

आता फाईलकडे. एसटीएलमध्ये एककच नसतं, नुसते आकडे असतात. तुझे ८० मिमी ब्लेंडरने ८० मीटर धरले, आणि व्ह्यूपोर्ट एका ठराविक अंतराच्या पलीकडचं दाखवत नाही, म्हणून मागचा भाग गायब. ०.००१ ने लहान करून स्केल अप्लाय (कायम) कर. त्यापेक्षा मूळ कॅडमधून स्टेप प्रकारची फाईल काढ, फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये उघड, तिथून जीएलटीएफ प्रकारात करून आण. भागांची नावं टिकतात. चाळीस भागांमध्ये "बेअरिंग झाकण" नावाने सापडणं किती सुखाचं असतं ते एकदा अनुभव.

डुगडुगण्याचं कारण तीच चावीची खाच. ब्लेंडरची "ओरिजिन टू जॉमेट्री" ही आज्ञा सगळ्या बिंदूंची सरासरी काढते. खाचेच्या बाजूला बिंदू जास्त, म्हणून मध्य तिकडे ओढला जातो. एडिट मोडमध्ये हबच्या (भोकाभोवतीच्या गोल भागाच्या) बाहेरच्या काठाचं पूर्ण वर्तुळ निवड, थ्रीडी कर्सर तिथे आण आणि ओरिजिन कर्सरवर बसव. आतल्या भोकाचं वर्तुळ घेऊ नकोस, ते खाचेने तुटलेलं असतं.

दोन गिअरना वेगवेगळ्या कीफ्रेम देऊ नकोस. फक्त पिनियनला दे. मोठ्यावर ड्रायव्हर (एका कोनावरून दुसरा काढणारं सूत्र) लाव: पिनियनचा कोन गुणिले उणे एक-तृतीयांश. आणि कीफ्रेम लिनिअर (एकसारख्या वेगाच्या) कर, नाहीतर सुरुवातीला आणि शेवटी गिअर आपोआप मंदावतो. असेंब्लीत दात्यावर दाता चढलेला दिसला तर पिनियन ९ अंशांनी, म्हणजे अर्ध्या दात्याने, फिरवून घे.

आट्यांबद्दल जुने-जाणते सांगतीलच.

जुना ड्रॉइंगबोर्ड

सांगतो. रेघोटी, ड्रॉइंगमध्ये तू आटे कसे दाखवलेस? बाहेरची रेघ जाड, आतली बारीक, झालं. एकही आटा खरा काढला नाहीस आणि तरी वाचणाऱ्याला कळलं. मग अ‍ॅनिमेशनसाठी १६ बोल्टचे आटे कशाला कोरायचे? तसेही ते झाकणाच्या आत असतात. साधा दंडगोल ठेव. एक बोल्ट जवळून दाखवायचा असेल तर तेवढ्याला खरे आटे दे, बाकीचे १५ एकाच साध्या बोल्टच्या लिंक्ड (एकच आकार वाटून घेणाऱ्या) प्रती कर. फ्रेमचा वेळ किती उतरतो बघ.

तुझ्या शेवटच्या प्रश्नावर मला जास्त बोलायचं आहे, कारण मी बोर्डवर टी-स्क्वेअर घेऊन शिकलो, नंतर कॅडवर आलो, आणि हा वाद दोन्हीकडे ऐकला. तुझे दोन्ही शिक्षक एकच गोष्ट मागत आहेत. ड्राफ्ट्समनची रेघ दुसऱ्याच्या हातून वस्तू घडावी म्हणून असते. मापात असलेलं पण चुकीचं वाचलं जाणारं ड्रॉइंग वर्कशॉपमधून परतच येतं. फर्स्ट अँगल की थर्ड अँगल (वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती) याचं चिन्ह टाकायला विसरलं तर प्रत्येक रेघ बरोबर असूनही बाजू उलटी समजली जाऊ शकते. तुझ्या गिअरचं परवा तेच झालं.

एक विचारतो. सुटे भाग बाहेर येताना दाखवले आहेस का? कोणत्या क्रमाने?

रेघोटी

हो काका, शेवटच्या १० सेकंदांत. झाकण, मग शाफ्टवरून बेअरिंग, मग सर्क्लिप, मग गिअर.

जुना ड्रॉइंगबोर्ड

सर्क्लिप, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणारी अडवणारी कडी, बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला आहे ना? मग ती निघाल्याशिवाय बेअरिंग हलणार कसं? तुझ्या अ‍ॅनिमेशनमध्ये ते सर्क्लिपच्या आरपार जातंय. हे बघून कोणी दुरुस्तीला बसला तर पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावून शाफ्टवरची सर्क्लिपची खाच फोडेल. आधी सर्क्लिप. आणि असेंब्ली ड्रॉइंगमधले बलूनचे (भागांवर खूण केलेल्या गोलांचे) नंबर आहेत तेच अ‍ॅनिमेशनमध्ये भागांशेजारी येऊ देत.

फ्रेमवारी

काकांशी सहमत. रेघोटी, रेंडर थेट व्हिडिओत करू नकोस, पीएनजी फ्रेम काढ. मध्येच वीज गेली तर झालेल्या फ्रेम शाबूत राहतात.

रेघोटी

ताई, काका, उभा छेद, तिघांचेही मनापासून आभार. आज दिवसभर हेच केलं.

आटे काढून टाकल्यावर दोन मिनिटांची फ्रेम ३५ सेकंदांवर आली. हबच्या काठाचं वर्तुळ घेतल्यावर पिनियन एकदम स्थिर. सर्क्लिप आधी निघते आणि निघताना थोडी फाकते, तेवढ्यासाठी एक शेप की (आकार बदलण्याची नोंद) घातली. वेग १२, कोपऱ्यात सूचना, दोन नारिंगी दाते.

सरांना दाखवण्याआधी ६० आरपीएमचा जुना तुकडाही सुरुवातीला पाच सेकंद ठेवावा असं वाटतंय, शेजारी फ्रेममागे १५ अंश आणि १८ अंशांचा हिशोब लिहून. त्यांनी पाहिलं ते खरंच तसं दिसत होतं हे मला त्यांना सांगायचं आहे. हे उद्धट वाटेल का?

उभा छेद

अजिबात नाही. ठेव. फक्त तो तुकडा रंगीत दात्यासकट पुन्हा रेंडर कर, म्हणजे नारिंगी दाता पुढे जातोय आणि बाकीचे मागे, हे एकाच चित्रात दिसेल.

रेघोटी

लावला रेंडरला. १२० फ्रेम आहेत, सव्वा तासात होईल.