हमीभाव खरा, पण आठ टक्क्यांचा

"2025-26 च्या हंगामात कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता ना, मग आयात शुल्क काढलं म्हणून शेतकऱ्याचं काय बिघडलं?" असं विचारतात. हा मुद्दा कागदावर बरोबर आहे. पण तो भाव लांब धाग्याच्या आणि 8 टक्के ओलाव्याच्या कापसाचा. पुढच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, आणि 12 च्या वर गेला की सरकारी खरेदीत मालच घेत नाहीत. दसरा-दिवाळीतला पहिला वेचा, त्यात परतीचा पाऊस. ओलावा 8 टक्क्यांत कुठून बसणार?

गेल्या हंगामात आमची गाडी केंद्रावर सकाळी लागली, नंबर दुपारी आला. वरच्या थराला मीटर 11 दाखवत होतं, आत हात घालून काढलेल्या कापसाला 14. गाडी परत. वेचणीची मजुरी बाजाराच्या दिवशी द्यायचीच असते, घरात वाळवत बसायला जागाही नाही (अर्धा कापूस आधीच झोपायच्या खोलीत). शेवटी खाजगी व्यापाऱ्याला घातला. त्याचा भाव हमीभावावर नाही, परदेशातून येणारी कापसाची गाठ कितीला पडते त्यावर ठरतो. त्या गाठीवरचं 11 टक्के आयात शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये काढलं, मुदत वाढवली ती थेट 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमके आमचे विकायचे महिने.