गाडीत फोन चार्ज होत नाही, स्क्रीनला जोडत नाही : बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडचे अनुभव इथे लिहा

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन पणजीहून बेळगावला येत होतो. साखळी सोडली तेव्हा फोन २२ टक्के. गाडीच्या म्युझिक सिस्टीमच्या यूएसबीला केबल लावली, बॅटरीवर विजेचं चिन्ह आलं, मी निर्धास्त झालो. चोर्ला घाट चढून वर आलो आणि सहज बघितलं तर ९ टक्के. चिन्ह तसंच, चार्जिंग चालू असल्याचं दाखवतंय आणि आकडा उतरतोय. कणकुंबीच्या अलीकडे फोन बंद पडला. बाहेर धुकं, मागच्या सीटवर आई, तिचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेले. रस्ता पायाखालचा होता म्हणून जांबोटीपर्यंत नीट आलो, पण घरी भाऊ दीड तास फोन लावून लावून थकला होता. वहिनी दारातच उभ्या होत्या.

त्यानंतर शोधलं तेव्हा कळलं. म्युझिक सिस्टीमवरचं ते यूएसबी मुळात पेनड्राइव्हची गाणी वाजवण्यासाठी. त्यातून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. मॅप चालू, स्क्रीन पूर्ण उजेडात आणि घाटात टॉवर शोधत फिरणारा फोन, यांना त्याहून जास्त लागतं. नळ बारीक आणि हंड्याला भोक मोठं, असं ते गणित. आता लायटर सॉकेटमध्ये बसणारा टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे फोनला जास्त वॅट देणारा) चार्जर घेतलाय. तो ९ व्होल्टवर ३ अँपिअरपर्यंत देतो, म्हणजे २७ वॅट. परवा त्याच रस्त्याने आलो, मॅप चालू ठेवून फोन वाढत गेला.

आपल्या भागात हा विषय छोटा नाही. घाट आहेत, जंगल आहे, उसाच्या रात्री आहेत, दवाखान्यासाठी कोल्हापूर-हुबळीच्या फेऱ्या आहेत. तुम्हाला काय त्रास झाला, दोष शेवटी कुठे सापडला, ते लिहा. गाडी कुठली आणि किती जुनी तेही लिहा, म्हणजे दुसऱ्याला उपयोग होईल.

उद्यमबागजवळ, बेळगाव (गाड्यांचं वायरिंगचं काम, २३ वर्षं)

दादा, तुमचं निदान बरोबर आहे. माझ्याकडे येणारा माणूस दोनपैकी एकच वाक्य बोलतो, "फोन खराब झालाय" नाहीतर "गाडीचं वायरिंग गेलंय". बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात आणि मधली वस्तू खराब असते.

मी आधी केबल बदलून बघतो. मग त्याच चार्जरवर दुसरा फोन लावतो. मग तो चार्जर दुसऱ्या गाडीत लावतो. एवढ्यात पाच मिनिटं जातात आणि दोष कुणाकडे आहे ते उघडं पडतं. त्यानंतरच मीटर काढतो. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू झालं की १३.८ ते १४.४. सॉकेटच्या आत मधल्या टिकलीला लाल पिन आणि कडेच्या पत्र्याला काळी पिन लावली की हाच आकडा तिथे यायला पाहिजे. अजिबात नाही आला तर फ्यूज बघायचा.

फ्यूज का उडतो तेही सांगतो. मागच्या महिन्यात पिरनवाडीचे एक काका गाडी घेऊन आले, दोन ठिकाणी दाखवून आलेले, नवीन चार्जर घेऊन झालेला. मी सॉकेटमध्ये टॉर्च मारला तर तळाला एक रुपयाचं नाणं आडवं बसलेलं. टोलसाठी काढलेली चिल्लर कधीतरी खाली घसरली असणार. नाणं मधल्या टिकलीला आणि कडेला एकदम टेकलं की शॉर्ट, फ्यूज गेला. बॅटरीची वायर सोडून लाकडी काडीने नाणं काढलं, फ्यूज घातला, झालं. मजुरी घ्यायलाही मन होईना.

एक हात जोडून विनंती. १५ अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणी ३० चा घालू नका, तार गुंडाळून तर कधीच नका. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो नाही जळला तर डॅशबोर्डच्या आतली वायर जळते. तशी जळलेली गाडी मी उघडलेली आहे, प्लॅस्टिकचा तो वास आठवडाभर हाताचा गेला नव्हता.

निपाणी (शिक्षिका, रोज स्कूटरवरून चिकोडी रस्त्याने)

माझ्या स्कूटरला सीटखाली चार्जिंगचं सॉकेट आहे. चार महिने अनुभव असा की केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज व्हायचं, खड्डा आला की तुटायचं. मी दोन केबली बदलल्या. दुकानदार म्हणाले पोर्ट गेलाय, बाराशे रुपये लागतील.

शाळेतल्या शिपाई मावशींच्या मुलाने सांगितलं, मॅडम आधी आत बघा. फोन बंद केला, खिडकीजवळ उजेडात धरला. केबलची पिन पूर्ण आत जात नव्हती, नखाएवढी बाहेर राहत होती. लाकडी टूथपिक सपाट करून कडेकडेने हलकेच फिरवली आणि आतून राखाडी नमद्यासारखा थर निघाला. पर्समधल्या रुमालाचे तंतू, खडूची पूड, सगळं दाबून दाबून घट्ट झालेलं. दर वेळी केबल घालताना मीच ते आत ठासत होते. थर निघाल्यावर पिन "टक्" करून बसली. त्या दिवसापासून एकदाही तुटलं नाही. सुई किंवा सेफ्टी पिन मात्र घालू नका, आतले पत्रे फार नाजूक असतात.

पावसाळ्यात एकदा स्क्रीनवर पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना आली. तेव्हा जबरदस्तीने चार्ज केलं नाही. पोर्ट खाली करून फोन झटकला, पंख्याखाली दोन तास ठेवला. घाई करून ओल्यात वीज सोडली की आतल्या पिना गंजतात.

अथणी तालुका (ट्रॅक्टर आणि लॉरी, ऊस वाहतूक)

आमच्याकडं सीझनला रात्रीच काम. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत रांगेत दहा-बारा तास. फोन बंद म्हणजे टोळीच्या मुकादमाचा पत्ता नाही, घरचा पत्ता नाही.

माझ्या ट्रॅक्टरवर चांगला चालणारा चार्जर मी लॉरीत नेऊन लावला. लावल्या लावल्या फट् आवाज आणि धूर. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची, लॉरीत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट. चार्जर फक्त १२ चा होता. आता घेताना मागं बारीक अक्षरात "१२-२४" लिहिलंय का ते बघतो, नसलं तर हात लावत नाही. नशिबानं फोन वाचला होता.

अजून एक. चार्जर लावून ठेवून स्टार्टर मारू नका. स्टार्टर ओढतो तेव्हा व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि इंजिन पेटलं की उसळतं. माझा जुना फोन दर वेळी त्या झटक्यात बंद होऊन चालू व्हायचा. आता आधी इंजिन, मग चार्जर.

टिळकवाडी, बेळगाव (पुण्याला नोकरी, महिन्यातून दोन फेऱ्या)

माझा त्रास चार्जिंगचा नव्हता, अँड्रॉइड ऑटोचा होता, म्हणजे फोनमधला मॅप, गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोयीचा. फोन चार्ज व्हायचा पण गाडीच्या स्क्रीनवर काही यायचं नाही. शोरूममध्ये सिस्टीम बदलायला सांगितली, आकडा ऐकून घरी आलो.

कारण साधं होतं. यूएसबी केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि माहिती नेणाऱ्या वेगळ्या असतात. स्वस्तातल्या काही केबलींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने फोन भरतो, पण गाडीशी बोलत नाही. ओळखायची सोपी रीत आहे : ती केबल लॅपटॉपला लावा, फोनमधले फोटो लॅपटॉपवर दिसले तर केबल कामाची.

चांगली केबल घेतली ती दोन मीटरची. घरी उभ्या गाडीत उत्तम, पण हायवेवर तवंदी घाटाच्या वळणांवर आणि कोगनोळी टोलच्या स्पीडब्रेकरवर हमखास तुटायची. टोलच्या रांगेत मॅप गेला की मागचे हॉर्न मारतात आणि आपण खाली वाकून केबल दाबत बसतो. मी एकदा असाच खाली बघत असताना पुढच्या गाडीला टेकता टेकता वाचलो. तेव्हापासून एक मीटरच्या आतली केबल, मधे कुठलाही जोड किंवा हब नाही, आणि काही झालं तरी हात लावायचा तो गाडी बाजूला घेऊनच.

बिनतारी जोडणी वापरणाऱ्यांसाठी : त्यात ब्लूटूथ फक्त ओळख पटवतं, खरं काम वाय-फायवर होतं. फोनचं वाय-फाय बंद ठेवून "ब्लूटूथ तर चालू आहे" म्हणत बसू नका. माझ्या बाबतीत ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं फोनमधलं ॲप) आड येत होतं, ते बंद केलं की लगेच जोडलं जातं.

शहापूर, बेळगाव (गृहिणी)

आमच्या घरी एक गाडी आणि तिला ब्लूटूथने जोडलेले पाच फोन. सासऱ्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी डॉक्टरांचा फोन माझ्या मोबाईलवर आला आणि आवाज निघाला खाली पार्किंगमध्ये गाडी काढणाऱ्या दिरांच्या स्पीकरवर. मी वर "हॅलो हॅलो" करतेय, मला काहीच ऐकू येईना. त्या दोन मिनिटांत जिवाचं पाणी झालं.

आता गाडीत दोनच फोन ठेवलेत. सिस्टीमच्या यादीतून बाकीचे काढले आणि त्या त्या फोनमधूनही गाडीचं नाव काढलं. एकाच बाजूने काढलं तर पुन्हा गोंधळ होतो, दोन्हीकडून काढायला लागतं. यादी भरली की काही सिस्टीम नवा फोन घेतच नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

खानापूर (भाजीचा टेम्पो, रोज गोवा)

मी पहाटे अडीचला बेळगाव मार्केटमधनं माल भरतो, उजाडायला म्हापशात. चोर्ल्याचा रस्ता तोंडपाठ आहे. घाटात रेंज नाही हे सगळ्यांना माहिताय, पण रेंज नसली की फोन जास्त पितो हे बऱ्याच जणांना माहीत नाही. टॉवर लांब असला की फोन जोर लावून हाक मारत राहतो, त्यातच बॅटरी जाते आणि फोन तापतो. त्यात आपल्याकडं हद्दीचा खेळ. कर्नाटकचं मोबाईल सर्कल (नेटवर्कचा विभाग) वेगळं, महाराष्ट्र-गोव्याचं वेगळं. अर्ध्या तासात फोन इकडचा टॉवर सोडतो, तिकडचा धरतो, परत इकडचा.

म्हणून मी जांबोटी सोडली की फ्लाइट मोड टाकतो. मॅप आधीच उतरवून ठेवलेला असतो. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण फोन उपग्रहाचं फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. साखळीला उतरलं की मोड काढायचा. घरी सांगून ठेवलंय, या वेळात फोन लागणार नाही, काळजी करू नका. आधी बायको रात्रभर जागायची.

उन्हाळ्यात फोन काचेखाली ठेवू नका. तापला की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, बॅटरी वाचवण्यासाठी. मी दोन चार्जर त्यापायी फेकले होते. आता एसीच्या जाळीवर होल्डर आहे, गार वाऱ्यात फोन बसतो.

हल्याळ (मोटरसायकलवरून पार्सल)

हँडलला होल्डर आणि चार्जर लावून दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर. सात महिन्यांत फोनचा कॅमेरा थरथरायला लागला, पार्सलचा फोटो नीट निघेना. बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात हालचाल सावरणारं बारीक यंत्र असतं, इंजिनच्या कंपनाने ते बिघडतं. ॲपलने २०२१ मध्ये मोटरसायकलवाल्यांना तसा इशाराही दिला होता. रबरी गादीचा होल्डर घेतला आहे, आणि माहितीचा रस्ता असेल तर फोन खिशातच.

येळ्ळूर (निवृत्त)

जुनी गाडी आहे, ब्लूटूथ नाही. ऑक्स केबलने (फोनच्या हेडफोनच्या भोकातून गाडीच्या सिस्टीमला जाणारी वायर) अभंग लावतो. चार्जर लावला की अभंगामागे घुंई आवाज येई आणि ॲक्सिलरेटर दाबला की चढत जाई. मला वाटलं स्पीकर फाटले. उद्यमबागेच्या वरच्या दादांनीच तपासलं. चार्जर आणि ऑक्स दोन्ही गाडीच्या अर्थिंगला जोडलेले, त्या चक्रातून अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) आवाज स्पीकरमध्ये शिरतो. मधे एक छोटी डबी बसवली, ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात. आवाज गेला. डबी नसेल तर गाणी ऐकताना फोन पॉवर बँकेवर लावला तरी तो आवाज जातो. आता पंढरीच्या वाटेवर टाळांचा नाद स्वच्छ ऐकू येतो.

संकेश्वर

माझी गाडी चार दिवस उभी होती, सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतोय. बॅटरी दीड वर्षाचीच आहे. चार्जर आणि डॅशकॅम (रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा) सॉकेटला लावलेले असतात कायम. त्याचा संबंध असेल का?

उद्यमबागजवळ, बेळगाव

असू शकतो, अण्णा. काही गाड्यांचं सॉकेट किल्ली काढली की बंद होतं, काहींचं चालूच राहतं. डॅशकॅम ०.३ अँपिअर घेतो असं धरा. चोवीस तासांत ७ अँपिअर-अवरच्या वर गेले, चार दिवसांत २९ च्या आसपास. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ ची. आज रात्री किल्ली काढून, दारं लावून, दहा मिनिटांनी काचेतनं आत बघा, चार्जरचा दिवा लागलेला आहे का.

संकेश्वर

आत्ता बघून आलो. निळा दिवा चालूच आहे.