निर्दोष सुटलो, तरी पोलीस रेकॉर्डला केस 'प्रलंबित'

प्रश्न (चोपडा): बांधावरच्या भांडणात 2017 ला भादंविचं कलम 324 (हत्याराने दुखापत) लागलं, 2021 ला निर्दोष सुटलो. परवा चारित्र्य पडताळणीत पुन्हा 'खटला प्रलंबित'! निकालाची नक्कल आईने केळीच्या पावत्यांसोबत पेटीत जपलीय, कडा पिवळ्या पडल्यात. नोकरी हातची जाईल हो. काय करू?

उत्तर (धुळे): भाऊ, निकाल कोर्ट देतं, पण सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे-नोंदीच्या संगणक प्रणालीत, तो पोलिसांकडून चढावा लागतो. नेमकं तिथंच राहून जातं, आणि भोगतो सुटलेला माणूस. नकलेसोबत 16 अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (कोर्टाने खटल्याला दिलेला ओळख क्रमांक) जोडून ठाण्यात अर्ज द्या. पैरवी अंमलदाराला, म्हणजे ठाण्याची कोर्टातली कामं बघणाऱ्या पोलिसाला, भेटा. पोच शिक्क्यासह घ्याच.

उत्तर (शहादा): आधी ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या वेबसाइटवर बघा, 'निकाली' दिसतं का?

प्रश्नकर्ता: दिसतंय दादा! उद्या पहिल्या एसटीनं निघतो.