विषय: केरीकेरीचे मिशन हाउस – सहलीत असावे की नसावे?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या न्यूझीलंडमधील बे ऑफ आयलंड्स सहलीत केरीकेरीच्या मिशन हाउससाठी अर्धा दिवस राखून ठेवण्याचे घाटत आहे, असे कळले. १८२२ साली पुरे झालेले एक दुमजली लाकडी घर, तेही मिशनऱ्यांचे. त्याहून जुने वाडे आपल्याकडे ओस पडलेले असताना त्यासाठी एवढा वेळ द्यावा का, याचा समितीने फेरविचार करावा, ही विनंती.

---

आदरणीय काका, सादर नमस्कार.

वयात हे घर आपल्या वाड्यांपुढे पोरच ठरेल, हे मान्य. मात्र न्यूझीलंडमध्ये याहून जुनी युरोपीय इमारत उभी नाही, आणि ती राखण्यासाठी जे केले गेले ते मला घराइतकेच पाहण्याजोगे वाटते. १८३२ पासून तिथे राहणाऱ्या केम्प कुटुंबाने १९७४ मध्ये घर राष्ट्रीय वारसा संस्थेच्या स्वाधीन केले. डागडुजी तर होतच राहिली, पण खरा धोका घराबाहेर होता. घर आणि शेजारचे दगडी कोठार यांच्या जवळच नदीवर एकपदरी पूल होता. जड वाहने तिथूनच जात, आणि पूर आला की ओंडके-झुडपे पुलाला अडून पाणी तुंबत असे. १९८१ च्या पुराचे पाणी तर थेट घरात शिरले. अखेर वळणरस्ता बांधून २००८ मध्ये तो पूलच हटवण्यात आला. आपल्याकडे बहुधा रस्ता जागचा हलत नाही, वाड्याची ओसरीच मागे सरकते.

‘मिशनऱ्यांचे घर’ हे मात्र अर्धेच खरे आहे. १८१९ मध्ये होंगी हिका या माओरी (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) सरदाराने ४८ कुऱ्हाडींच्या बदल्यात मिशनला जमीन दिली आणि खतावर सही म्हणून आपल्या चेहऱ्यावरील गोंदणाची नक्षी रेखली. मिशन त्याच्याच आश्रयाने टिकले, घराच्या बांधकामात माओरी कामगारही होते, आणि त्याचे कोरोरिपो हे ठाणे तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

तेव्हा वेळेची काटछाट करायचीच झाली, तर ती कोठारातल्या खरेदीच्या वेळेत करावी. कोरोरिपोची पायवाट वगळू नये, अशी समितीला माझी सूचना आहे.