ऑटोफोकसवाल्यांनी फोटो 'काढला' म्हणायचं की नाही?

रानभूल

परवा पाणकावळा यांनी त्यांच्या खंड्याच्या फोटोखाली लिहिलं, "फोकस हाताने केलाय. ज्यांच्यासाठी पक्ष्याचा डोळा कॅमेरा शोधतो, त्यांनी फोटो काढला म्हणू नये, निघाला म्हणावं." फोटो झकास आहे. सूर मारलाय, चोच पाण्याला टेकतेय, डोळ्यात चमक. पण ते वाक्य डोक्यात गेलं. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते एवढं वाढलं की म्हटलं वेगळा धागाच काढू.

साधा हिशेब. ६०० एमएमची लांब लेन्स, तिचं छिद्र एफ ४ इतकं मोठं उघडलेलं, पक्षी १० मीटरवर. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) डेप्थ, म्हणजे जेवढ्या अंतरातलं स्पष्ट येतं ती पट्टी, मिळते सहा-सात सेंटिमीटर. तोच पक्षी सेकंदाला १० मीटरने तुमच्या अंगावर येतोय आणि तुम्ही सेकंदाला २० फ्रेम मारताय. म्हणजे दोन फ्रेमांमध्ये तो अर्धा मीटर सरकलेला असतो. एवढ्यात लेन्सवरची फोकसची रिंग कोण आणि कशी फिरवतं, ते मला एकदा शेजारी बसवून दाखवा.

बरं, हाताने करायला साधनं तरी राहिलीत का? पूर्वी डोळा लावून बघायच्या व्ह्यूफाइंडरच्या काचेत मधोमध स्प्लिट प्रिझम असायचा, चित्राचे दोन तुकडे जुळले की फोकस. १९८५ ला मिनोल्टा ७००० हा ऑटोफोकसवाला कॅमेरा आला, हळूहळू सगळेच तिकडे वळले आणि तो प्रिझम गेला. १९८७ ला ईओएस हे ऑटोफोकसवाले कॅमेरे आणताना कॅननने लेन्स जोडायचा जुना एफडी माउंटच सोडून दिला, लोकांच्या लेन्सेस कपाटात गेल्या. तेव्हाच रडून झालंय सगळ्यांचं. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच?

पाणकावळा

शेजारी बसवतो की. पहाटे चारला उठणार असाल तर या.

गणित बरोबर आहे, उदाहरण मात्र सोयीचं निवडलंत. आता माझं ऐका. उंच गवतात घुबड बसलेलं, मध्ये तीन काड्या. मित्राचा 'सगळे डोळे ओळखणारा' मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) हातात होता. फोकसचा चौकोन घुबडाच्या डोळ्यावर आला, थरथरला आणि पुढच्या काडीवर जाऊन बसला. पुन्हा दाबलं, पुन्हा काडी. घुबडाने मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं आणि उडालं. कार्डावर ४१ फ्रेम. काडी अप्रतिम आलीय, तिच्यावरचं कूससुद्धा मोजता येतं.

मॅक्रोचं, म्हणजे किडे अगदी जवळून टिपण्याचं, तर बोलूच नका. एकास एक मोठेपणाला (किडा सेन्सरवर जेवढ्यास तेवढा) एफ ८ वर डेप्थ जेमतेम एक मिलिमीटर. तिथे रिंग एकदा लावून ठेवायची, श्वास धरायचा आणि आपलं अंगच पुढेमागे झुलवायचं. चतुर किड्याच्या डोळ्यावरची जाळी उमटली की दाबायचं. मोटर तिथे नुसती घरघरते.

खटपट्या

दोघंही कुठल्या जगात आहात? हल्लीच्या बहुतेक मिररलेस लेन्सना हाताने फोकस होतच नाही. रिंग कशालाच जोडलेली नसते, आतल्या मोटरला ती फक्त विनंती अर्ज करते. हळू फिरवली की एक उत्तर, जोरात फिरवली की दुसरं. अनंताला (सगळ्यात लांबच्या फोकसला) थांबा नाही, गोल गोल फिरतच राहते. एकदा कडाक्याच्या थंडीत पाऊण तास एका ताऱ्यावर फोकस लावला, स्क्रीन दहापट मोठी करून, तारा टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत. बॅटरी बदलायला कॅमेरा बंद केला, चालू केला, लेन्स आपल्या मनाने भलतीकडे. हे बनवणाऱ्यांना एक रात्र उघड्यावर बसवलं पाहिजे!

अंगठेबहाद्दर

अहो, फोकस शटरच्या बटणावरून काढा आणि मागच्या बटणावर द्या. अंगठा उचलला की फोकस गोठला. वाद मिटला. दहा वर्षं सांगतोय, कोणी ऐकत नाही.

पाणकावळा

@अंगठेबहाद्दर, आधी काडी सोडून घुबडावर यायला हवा ना, मग गोठवायचा. काडीवर गोठवून काय करू?

जाड भिंग

मी फार लिहीत नाही, पण 'निघाला म्हणावं' हे लागलं. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधी वर्षभर व्ह्यूफाइंडरमध्ये सगळंच धुकं होतं. डोळ्याचा नंबर जुळवणारं डायऑप्टरचं चाक टोकाला नेऊनही पक्षी आहे की पान, कळायचं नाही. त्या वर्षी काढलेले सगळे फोटो ऑटोफोकसचे. कुठे बसायचं, ऊन कुठून येणार, तो कुठल्या फांदीवर परत येणार, हे मीच ठरवत होते. तेव्हा ते मीच काढलेत.

पाणकावळा

ताई, तुमच्याबद्दल नव्हतं ते.

रानभूल

मग कोणाबद्दल होतं? नियम लिहिताना सगळ्यांना लावायचा, आणि कोणी समोर आलं की 'तुमच्याबद्दल नव्हतं'. वा!

चतुर

जरा अवांतर. तो खंड्याचा फोटो मोठा करून पाहिला. खाली उजव्या कोपऱ्यात पाण्याखाली एक सरळ काळी रेघ आहे. ओढ्यात एवढी सरळ रेघ कुठून आली? टबची कड वाटते.

खटपट्या

आयला! खरंच आहे.

पाणकावळा

विषय फोकसचा आहे. फोटोचं शवविच्छेदन कशाला?

चतुर

विषय फोकसचाच आहे, काका. टब पुरायचा, त्यात मासे सोडायचे, वर फांदी रोवायची. खंड्या रोज त्याच फांदीवरून त्याच जागी पडणार. टबमध्ये काठी उभी करून फोकस लावायचा, रिंगला चिकटपट्टी मारायची. मग रिंग फिरवायची गरजच काय? फोकस तुम्ही नाही केला, टबने केला.

आणि उथळ टबात वरून सूर मारणारा पक्षी तळावर आपटला तर? वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इअर या स्पर्धेच्या नियमांत जिवंत आमिष चालत नाही, ते उगाच नाही. २००९ ला तिथेच फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. लांडगा बहुधा शिकवलेला आहे असं परीक्षकांचं मत झालं आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं.

पाणकावळा

आता लांडग्यापर्यंत पोचलात! मी कुठल्या स्पर्धेत पाठवलाय हा? टब हातभर खोल होता, तळाला वाळू होती. अकरा सकाळी बसलोय तिथे. वाऱ्याने फांदी हलायची, तो दर वेळी वीतभर इकडे तिकडे पडायचा. चिकटपट्टी वगैरे काही नव्हती. तुमच्यासारखे एसीत बसून पिक्सेल मोजत नाही आम्ही.

जाड भिंग

अकरा सकाळींचं कौतुक आहेच. पण मासे तुम्हीच सोडले होते ना? ते फोटोखाली का नाही लिहिलं? 'हाताने फोकस' तेवढं आवर्जून लिहिलंत.

अंगठेबहाद्दर

+१. पाखरांना पाणी ठेवतो आपण, ते चालतं. मासे कोंडून ठेवणं वेगळं.

खटपट्या

पाणी ठेवून फोटो काढणंही आमिषच की. उगाच सोवळं नको. माझ्या माहितीतल्या निम्म्या 'दुर्मिळ' फोटोंमागे कुठे ना कुठे धान्य पसरलेलं आहे.

चतुर

मग तेही लिहा. अडलंय कुठे?

पाणकावळा

लिहितो. झालं समाधान? 'टब, सोडलेले मासे' असं घातलं फोटोखाली. 'निघाला म्हणावं' काढलं, तेही ताईंसाठी, रानभूलसाठी नाही. 'फोकस हाताने' मात्र राहणार. तो माझाच आहे.

रानभूल

मान्य. फोकस तुमचा, मासाही तुमचाच.

घुबडाचं मात्र खरं आहे. काल झुडपात एक बुलबुल अर्धा तास समोर होता आणि कॅमेरा पानांवरून हलेना. शेवटी रिंगला हात लावावा लागला. पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू होतं, ते मोजत नाही असं म्हणणार असाल तर वेगळा धागा काढा.