मदत हवी आहे: बोवीच्या ग्रेटेस्ट हिट्समध्ये लेट्स डान्सच नाही??

रात्रपाळी:
मंडळी, कोणीतरी लवकर सांगा. काल गायक डेव्हिड बोवीची जुनी रेकॉर्ड घेतली, कव्हरवर मोठ्या तोऱ्यात ऑल टाइम ग्रेटेस्ट हिट्स लिहिलंय, दोन्ही बाजू दोनदा ऐकल्या तर लेट्स डान्स कुठेच नाही! आतली दुसरी रेकॉर्ड गहाळ झालीय का? शनिवारी दादाचा वाढदिवस, त्याला तेच गाणं लावून द्यायचंय म्हणून तर घेतली. मागे १९८४ छापलंय, म्हणजे तोवर गाणं आलेलंच होतं ना?

खरखर:
कोणती रेकॉर्ड? बोवीच्या हिट्सचे ढीगभर संग्रह आहेत. लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी कुठली, गाणी कुठली ते टाका.

टोनआर्म:
आधी सुई बघा. माझी झिजली होती तेव्हा गाण्याचा अर्धा भाग उडून जायचा, मी उगाच रेकॉर्डला दोष देत बसलो. सुईचा दाबही तपासा.

रात्रपाळी:
सुई नवी आहे हो! गाणं उडत नाहीये, यादीतच नाहीये. लेबल आरसीए. एका बाजूला स्पेस ऑडिटी ते फेम सहा गाणी, दुसरीकडे गोल्डन इयर्स ते ॲशेस टू ॲशेस सहा.

खरखर:
मग हा फेम अँड फॅशन नावाचा संग्रह. गहाळ काही झालेलं नाही. तुम्ही म्हणता ते १९८४ गाण्यांच्या यादीत आहे का? त्याच नावाचं चौथं गाणं आहे, डायमंड डॉग्ज अल्बममधलं, १९७४ चं. पण रेकॉर्डही १९८४ चीच आहे. बोवी तोवर आरसीए सोडून ईएमआय अमेरिकाकडे गेला होता आणि लेट्स डान्स १९८३ मध्ये तिकडून आलं. जुन्या कंपनीच्या हातात मुख्यतः स्केरी मॉन्स्टर्स अल्बमपर्यंतचा म्हणजे १९८० पर्यंतचा माल, त्यातूनच त्यांनी संग्रह काढला, नवं गाणं त्यांचं नव्हतंच तर घालणार कुठून. १९८३ मध्ये गोल्डन इयर्स नावाचा संग्रह काढला तोही असाच.

बी_साइड:
सरळ चेंजेसबोवी घ्या, १९९० ची. लेट्स डान्स, चायना गर्ल, मॉडर्न लव्ह सगळं एकत्र. मी वर्षानुवर्षं तीच ऐकतोय.

खरखर:
अजिबात नको. त्यात मूळ फेम काढून फेम ९० हे रिमिक्स घातलंय आणि हीरोज हे गाणंही सिंगलवालं, म्हणजे सुट्या रेकॉर्डवरचं, तोकडं.

बी_साइड:
अहो पण फेम विचारलंय कोणी? त्यांना लेट्स डान्स हवंय!

मंद्रसप्तक:
जुन्या कंपन्यांचं काय सांगावं. गायक जॉन फोगर्टीवर त्याच्या जुन्या फँटसी या रेकॉर्ड कंपनीने दावा लावला की तुझं नवं गाणं आमच्याकडच्या तुझ्याच जुन्या गाण्यासारखं वाजतं! पठ्ठ्या कोर्टात गिटार घेऊन गेला, वाजवून दाखवलं आणि १९८८ मध्ये जिंकला. पुढे वकिलाच्या खर्चासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढला, १९९४ मध्ये तिथेही निकाल त्याच्या बाजूने. फार मोठा माणूस.

टोनआर्म:
हे वेगळ्या धाग्यात लिहा ना.

खरखर:
रात्रपाळी, एक सांगा, गाणं छोटं हवंय की पूर्ण? सिंगल चार मिनिटांच्या आसपास संपतं, अल्बमवरचं साडेसात मिनिटांच्या वर जातं. चेंजेसबोवीवर छोटंच आहे.

रात्रपाळी:
हे दोन प्रकारचं असतं हेच माहीत नव्हतं. दादाच्या कॅसेटवर शेवटी गिटार बराच वेळ चालायची, तो डोळे मिटून मांडीवर बोटं नाचवायचा आणि आम्हाला कोणाला खोलीत बोलू द्यायचा नाही. ते हवंय.

खरखर:
मग अल्बमच घ्या, नाव लेट्स डान्सच. ती गिटार स्टीव्ही रे वॉनची, त्याचा स्वतःचा पहिला अल्बम तेव्हा यायचा होता. संग्रहाच्या नादी लागू नका.

बी_साइड:
चायना गर्ल त्यातही आहे, तेवढं मात्र मान्य.

रात्रपाळी:
एकाकडे आहे म्हणे, उद्या जाऊन आणतो. ही आरसीएवाली परत करणार होतो, पण आत्ता दुसरी बाजू पुन्हा लावली आणि ॲशेस टू ॲशेस संपल्यावर उठवेना. राहू दे ही माझ्याकडेच. सुईचा दाब किती ठेवायचा ते सांगा मात्र, तो मी खरंच बघितला नव्हता.