दुर्मिळ प्राणी आणि हौशी स्वयंसेवक : मदत की वर्दळ?

मोजपट्टी (धागाकर्ता)

प्राणी दुर्मिळ झाला रे झाला की त्याच्या मदतीला स्वयंसेवकांची फौज हवीच, असं हल्ली सगळे धरून चालतात. मला हे पटत नाही. का ते मांडतो, मग खुशाल झोडपा.

हरणं मोजताना दहा-वीस नोंदी चुकल्या तरी एकूण आकडा फारसा हलत नाही. पण अख्ख्या डोंगररांगेत जेमतेम पाच-सात जनावरं उरली असतील तर एक चुकीची नोंदसुद्धा सगळं चित्र फिरवते. हिमबिबट्यांवरचा २०२० सालचा एक अभ्यास आहे. बंदिस्त ठेवलेले १६ हिमबिबटे, कोण कुठला हे आधीच ठाऊक. त्यांचे कॅमेरा ट्रॅपचे (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे) फोटो आठ जणांना ओळखायला दिले. तर एकाच जनावराचे फोटो दोन वेगळ्या जनावरांच्या खात्यात पडले, आणि संख्येचा अंदाज सरासरी एक तृतीयांशाने फुगला. ठिपक्यांवरून जनावर ओळखणं इतकं फसवं असेल तर ते शनिवार-रविवारी येणाऱ्या माणसाच्या हातात का द्यायचं? आणि फुगलेला आकडा निरुपद्रवी नसतो. संख्या वाढली म्हटलं की पहारा ढिला पडतो, निधीही दुसरीकडे वळतो.

शिवाय माणूस नुसता तिथे गेला तरी धोका असतो. पर्वतीय गोरिलांना आपल्या सर्दी-खोकल्याचे विषाणू लागतात, म्हणून तर त्यांच्यापासून अंतर राखायचा नियम आहे. उत्तर अमेरिकेत वटवाघळांचा ‘व्हाइट नोज’ हा बुरशीचा रोग २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत पहिल्यांदा नजरेस आला. ती बुरशी मूळची युरोपातली, बहुधा माणसांच्याच कपड्या-बुटांवरून तिकडे पोचलेली. पुढे लाखो वटवाघळं मेली.

ज्याला एकांत हवा त्याच्याभोवती प्रेमाने गर्दी करायची, याला संवर्धन म्हणायचं का?

काटेसावर

साफ असहमत. स्वयंसेवक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जीपमध्ये बसलेला, गळ्यात कॅमेरा लटकवलेला माणूस येतोय. खरं काम फार कंटाळवाणं असतं आणि त्यात प्राणी बहुतेक वेळा दिसतच नाही.

ब्रिटनमधला हेझल डॉरमाउस घ्या. निशाचर, झुडपांच्या फांद्यांवरून वरच्या वर फिरणारा, थंडीत महिनोन्महिने झोपणारा, उंदरासारखा अंगठ्याएवढा जीव. तो कुठे आहे हे कळायचं कसं? १९९३ मध्ये तिथे ‘ग्रेट नट हंट’ झाली. हजारो लोकांनी झाडांखाली वाकून हेझलनटची कुरतडलेली टरफलं शोधली. डॉरमाउसने फोडलेल्या टरफलाला गोल भोक असतं, आतल्या कडेवरून बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं आणि दातांचे ओरखडे बाहेरच्या अंगाला तिरके उमटलेले असतात. साध्या उंदराने किंवा व्होलने (आखूड शेपटीच्या उंदरासारख्या प्राण्याने) फोडलं असेल तर त्या कडेवरच बारीक खाचांची रांग दिसते. हे शिकायला भिंग आणि थोडा धीर लागतो, पदवी नाही. टरफल उचलल्याने प्राण्याला धक्काही लागत नाही.

घरट्यांच्या पेट्या लावून त्या नियमाने तपासण्याचं कामही तिथे बहुतांशी स्वयंसेवकच करतात. पण परवाना घेतलेले, कारण परवान्याशिवाय डॉरमाउसला हात लावणं बेकायदा आहे. २००० सालापासून संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटली हे या नोंदींमुळेच कळलं. तुम्ही फुगलेल्या आकड्याची भीती घालताय, इथे तर वाईट बातमी स्वयंसेवकांनीच आणलीय. इतक्या जागी, इतकी वर्षं पगारी माणसं कोण ठेवणार होतं?

तिरपागडे

+१. हिमबिबट्यांच्या अभ्यासातून ‘पद्धत फसवी आहे’ एवढंच निघतं. ‘हौशी माणसं फसवी’ हे धागाकर्त्यांनी पदरचं घातलंय.

पगारी यंत्रणेचं कौतुकही जरा जपून करा. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात वाघ मोजणारे सगळे अधिकृतच होते. पंजांच्या ठशांवरून कागदावर वाघ नांदत होते, आणि २००५ मध्ये नीट शोधलं तर एकही नाही. शिकाऱ्यांनी केव्हाच साफ केले होते. बाहेरचे चार डोळे आत असते तर इतके दिवस हे झाकून राहिलं असतं का?

मोजपट्टी

@तिरपागडे, त्या चार डोळ्यांच्या चार फोनांचं काय? दुर्मिळ प्राणी दिसला की फोटो टाकायची घाई, आणि फोटोबरोबर ठिकाणही जातं. प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकायची आयनॅचरलिस्टसारखी संकेतस्थळं धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण आपोआप धूसर करतात, ते काय उगाच? पण व्हॉट्सॅपच्या गटात कोण धूसर करतं? मागचा डोंगर, समोरचा बंधारा ओळखीचा असला की जीपीएसचीही गरज उरत नाही.

@काटेसावर, डॉरमाउसचं उदाहरण चांगलंय. पण तिथे लोकांनी टरफलं उचलली. माझा आक्षेप प्राण्याच्या अंगावर जाणाऱ्यांना आहे.

काटेसावर

मग शीर्षक बदला. :)

शेवटचा बाक

अंगावर न जाताही करता येणारं काम आहे की! मी घरी बसून टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्याचे फोटो ओळखायचो. २०१० पासून तिथे २२५ कॅमेरा ट्रॅप लावले होते. त्यांतून आलेले १२ लाख फोटोसंच २८,००० हून जास्त लोकांनी मिळून वर्गीकृत केले. एकेक संच अनेकांना दाखवायचे आणि बहुमत काय म्हणतं ते धरायचं. तज्ज्ञांशी ताडून पाहिलं तर सुमारे ९७ टक्के उत्तरं जुळली. एकट्या माणसाची चूक बहुमतात विरून जाते. त्या फोटोंपैकी बरेचसे नुसते वाऱ्याने हललेल्या गवताचे असतात, तेव्हा हौस असल्याशिवाय हे कोणी करत नाही हेही सांगतो.

मोजपट्टी

ते ९७ टक्के कोणाच्या जिवावर आले ते बघा. विल्डबीस्ट आणि झेब्रा. ते हजारोंनी येतात आणि कोणीही ओळखतं. दुर्मिळ जातींमध्ये चुका जास्त होतात हे त्याच प्रकल्पाच्या अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. म्हणजे जिथे अचूकता सगळ्यात जास्त हवी तिथेच बहुमत डळमळतं. आपला धागा दुर्मिळ प्राण्यांवर आहे ना?

शेवटचा बाक

बरोबर. पण कुठल्या फोटोवर मतं फुटलीयत हेही त्याच मतांतून कळतं. तेवढेच फोटो तज्ज्ञाने पाहायचे. लाखो फोटो एकट्याने चाळण्यापेक्षा हे बरं नाही का?

खडूफळा

दोन्ही बाजू एक गोष्ट सोयीस्करपणे सोडतायत. पैसा.

दक्षिण आफ्रिकेत परदेशी तरुण पैसे भरून ‘स्वयंसेवक’ व्हायचे आणि सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजायचे. यांना मोठं करून जंगलात सोडणार, असं त्यांना सांगितलं जाई. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. त्यातले कित्येक मोठे झाल्यावर कुंपणाआडच्या शिकारीत गेले. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने हा बंदिस्त सिंहांचा धंदा बंद करायची शिफारस स्वीकारली, तोवर किती जणांच्या प्रोफाइलला बछड्याचा फोटो लागून गेला असेल.

हे टोकाचं झालं. पण सभ्य प्रकल्पातही प्रश्न उरतोच. माग काढणं, कॅमेरे बदलणं ही कामं जंगलाला लागून राहणाऱ्या माणसाला पगारावर देता येतात. गोरिलांच्या मागावर रोज जाणारे ट्रॅकर तिथल्याच गावांतले असतात. बाहेरून कोणी फुकट करायला तयार झालं की कात्री आधी त्या पगाराला लागते. आणि ज्याचं पोट त्या प्राण्यावर चालतं तो फासे लावणाऱ्याची बातमी देतो. पंधरा दिवसांच्या पाहुण्याला ती कळणारही नाही. तेव्हा मी मोजपट्टींच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं.

पाणकणीस

@खडूफळा, पगाराचा मुद्दा मान्य. पण काही कामं अशी आहेत की त्यांत प्राण्यापेक्षा माणसंच सांभाळायची असतात. हवाई बेटांवर मंक सील झोपायला सरळ गर्दीच्या किनाऱ्यावर येते. एकूण उरल्यात साधारण १,६००. मादी पिल्लाला पाजते ते पाच-सहा आठवडे स्वतः काही खात नाही, आणि तेव्हाच लोक सेल्फीसाठी जवळ सरकतात. तिथले स्वयंसेवक चार खांब ठोकून दोरी बांधतात, पाटी लावतात आणि बाहेर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावतात. लांबूनच सीलच्या वल्ह्यासारख्या मागच्या पायावरच्या टॅगचा क्रमांक टिपून घेतात. म्हणजे मोजणीही झाली. गर्दी येणारच असेल तर ती थोपवायलाही माणसंच लागणार ना, मोजपट्टी? एकांत एकांत म्हणून तो मिळत नाही.

तिरपागडे

दोरीच्या आत कोण आणि बाहेर कोण, वाद एवढाच आहे.

काटेसावर

वाद तेवढाच नाही. दुर्मिळ प्राण्याची पाहणी बहुतेक वेळा रिकाम्या हाताने संपते, आणि ती रिकामी पाहणीच नीट लिहिली जात नाही. हौशी माणूस दिसलं तेवढं लिहितो. किती तास फिरलो, कुठला भाग पाहिला, काहीच दिसलं नाही, हे लिहिलं नाही तर प्राणी नाही की कोणी बघितलंच नाही हे पुढे कधी कळत नाही. नकाशावर सगळ्या नोंदी रस्त्याच्या कडेला दिसतात त्या म्हणूनच. मोजपट्टींनी खरं तर इथे धरायला हवं होतं.

पण हे शिकवता येतं. अमेरिकेतला काळ्या पायांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा, बिळात राहणारा शिकारी प्राणी) नामशेष झाला असं मानलं जात होतं. १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये एका कुत्र्याने एक मेलेला फेरेट घरी आणला आणि मग उरलेले सापडले. त्यांतही रोग शिरला, आणि शेवटचे १८ पकडून पैदास करावी लागली. आज ॲरिझोनात त्यांच्या वंशजांची मोजणी करायला स्वयंसेवक रात्रभर जागतात. ठरवून दिलेल्या पट्ट्यात दिव्याचा झोत फिरवत राहायचा. हिरवे डोळे चमकले की बिळाच्या तोंडाशी एक कडं ठेवायचं, फेरेटने मान बाहेर काढली की कातडीखालची चिप त्यात वाचली जाते. ओळख चिपवरून, कोणाच्या नजरेवर नाही. आणि काही चमकलं नाही तर तेही लिहायचं.

मोजपट्टी

चिपचं पटलं. कोऱ्या नोंदीचंही पटलं, तो मुद्दा माझ्याच पारड्यात टाकून घेतो. पण मग अटी घाला : परवाना, तब्येत ठीक असल्याची खात्री, बूट-कपडे निर्जंतुक, आणि फोन बाहेर जमा. त्यानंतर किती स्वयंसेवक उरतात ते सांगा.

तिरपागडे

निम्मे गळतील. गळू देत. फोन नेता येणार नाही म्हणून जो घरी थांबतो, तो रात्री अडीचला जागा राहून ‘काही दिसलं नाही’ असं थोडंच लिहिणार होता?

खडूफळा

आणि उरलेल्या निम्म्यांबरोबर एक तरी पगारी स्थानिक ट्रॅकर असावा, ही अट राहिली. ती पण लिहा यादीत.